फरहीनच्या रेहलचं ड्रॉइंग

२९ सप्टेंबर १९९६, रविवार

कंपनीने माझा ड्रॉइंग बोर्ड काल भंगारात काढला. उचलायला आलेल्या हमालांपैकी एकजण म्हणाला, "साहेब, ह्याचा पलंग झकास व्हईल." आमच्या सेक्शनमध्ये त्याच्यावर झोपण्याचं काम आधीपासूनच चालू होतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

आता सगळे काँप्युटरवर रेघा मारतात. मीही शिकलो. पंचवीस वर्षं पेन्सिल चालवलेल्या माणसाने उंदीर चालवायचा म्हणजे कीर्तनकाराला बँडपथकात बसवण्यासारखं आहे, पण जमतं. नवीन यंत्रं आल्यावर पहिल्या खेपेचा एक जुना काँप्युटर साहेबांनी मला भंगाराच्या भावात दिला. तो आता आमच्या घरी, जयमालेच्या शिलाई मशीनवर विराजमान झाला आहे. जयमाला म्हणजे माझी बायको. नगरपालिकेच्या शाळेत शिकवते. ही वहीसुद्धा तिनेच दिली. म्हणाली, "तुमची जीभ कागदावर चालवा. घराला जरा विश्रांती."

आज भिंगारला गनीभाईकडे गेलो. गनीभाई आमच्याच टूलरूमचा टर्नर, वीस वर्षांचा दोस्त. गेल्या वर्षी अचानक स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरामागच्या शेडमध्ये बसला. कारण विचारलं तर म्हणाला होता, "कंटाळा आला." कंटाळा आम्हा सगळ्यांनाच आलेला होता. पण आम्ही तो पगार घेऊन करत होतो.

"कानिफ, एक काम हाय," तो म्हणाला. "तुझा काँप्युटर आन माझं लाकूड."

"ह्यात लग्न कोणाचं?"

"फरहीनचं. ईद झाली की. फेब्रुवारीत."

फरहीन त्याची धाकटी. त्याच्या घरातली मुलगी सासरी जाते ती बापाच्या हातची रेहल घेऊन. रेहल म्हणजे कुराण ठेवायची लाकडी घडवंची, उघडली की फुलीसारखी उभी राहते. ती एकाच फळीतून करायची. खिळा नाही, सरस नाही. फळी जाडीत चिरायची आणि मध्यावर लाकडाचीच बोटं एकमेकांत अडकलेली राखायची. त्या बोटांवर ती उघडते, मिटते. थोरल्या शरीफाला त्याने केली, मधल्या नसरीनला केली. फरहीनसाठी सागाची फळी ती जन्मली तेव्हापासून माळ्यावर आहे. एकच फळी.

"मग कर की हाताने," मी म्हणालो.

"न्हाई. ह्या खेपेला मशीननं. तू आकार काढ, मशीन कापंल. नवा जमाना हाय."

"नव्या जमान्याने मला कालच बोर्डावरून उठवलंय. त्याची शिफारस तरी माझ्यापाशी करू नकोस."

तो हसला नाही. हे लिहून ठेवतो, कारण असं कधी झालेलं नाही. गनीभाई हसला की टूलरूमच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. आज माझ्याकडे नुसता बघत राहिला, पोस्टाच्या खिडकीतल्या कारकुनासारखा. बद्रुन्निसाभाभींनी दिलेला चहाही त्याच्यासमोर तसाच निवला. साखर जास्त पडली असावी.

१३ ऑक्टोबर

यंत्र आकाराला येत आहे. कंपनीच्या मोडक्या प्रिंटरांच्या मोटारी, टेबलाच्या खणाच्या पट्ट्या, वर लटकवलेला एक हात-राउटर, गरगर फिरणाऱ्या कटरने लाकूड कापणारा. एक मोटार आडवी नेणार, दुसरी उभी, तिसरी खालीवर. काँप्युटरातल्या रेघा वाचून मोटारींना पावलं टाकायला लावणारा प्रोग्रॅम माझा भाचा संदीप याने पुण्याहून फ्लॉपीवर पाठवला आहे. सोबत चिठ्ठी: "मामा, आधी लाकूड लावा, बोट नको."

गनीभाईने लांब स्क्रू बाजारातून तयार आणले. जो माणूस बाजारचा नटसुद्धा हातात घेऊन "कुनी बनवला ह्यो?" म्हणून फेकायचा, तो तयार स्क्रू आणतो! मी म्हणालो, "गनीभाई, म्हातारा झालास." तो काहीतरी पुटपुटला. हल्ली फार हळू बोलतो. दोनदा "काय?" म्हणावं लागतं. लग्नाघरचा बाप इतका गरीब होतो, हे मला माहीत नव्हतं. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे ह्या विषयात माझा अनुभव शून्य.

२७ ऑक्टोबर

फरहीनची मागणी आली. "कानिफकाका, शरीफाआपाच्या रेहलची कड आन नसरीनआपाचं फूल. दोघींचं थोडं थोडं माझ्यात येऊ द्या."

शरीफा इथेच दिली आहे, तिची रेहल सायकलवरून आणली. नसरीन श्रीरामपूरला, तिची चादरीत गुंडाळून एस.टी.ने आली. माळीवाड्याच्या स्टँडवर कंडक्टरने ती मला अशी अदबीने दिली की मीही नकळत दोन्ही हातांनी घेतली. आई मढीच्या कानिफनाथांना नवस बोलली म्हणून माझं हे नाव. पुढे छप्पन साली बापाने दीक्षा घेतली, देव्हारा विसर्जित केला, पण शाळेच्या रजिस्टरातलं नाव काही विसर्जित होईना. तर नाथांच्या नावाचा बौद्ध कुराणाची घडवंची उराशी धरून रिक्षात बसला. रिक्षावाल्याला यातलं काहीच दिसलं नाही. त्याने सुट्टे मागितले.

ट्रेसिंग पेपर रेहलवर ठेवून कड उतरवली, तो कागद आलेखाच्या कागदावर टाकला आणि दोन-दोन मिलिमीटरवर आडवं माप, उभं माप वाचत काँप्युटरला सांगितलं. शरीफाची कड म्हणजे निव्वळ कंपासचं काम. डावी बाजू आरशात धरावी तशी उजवी. अकरा वर्षांपूर्वी ह्या माणसाने हे नुसत्या करवतीने केलं! त्याला तोंडावर सांगितलं नाही. चढून बसतो.

नसरीनचं डाळिंबाचं फूल अजून उतरवायचं आहे.

भाभींच्या पाण्याच्या बंबात आज पाहिलं तर सरपणाच्या ढलप्यांनाही खाचा पाडलेल्या. बोटाबोटासारख्या. "भाभी, तुमच्याकडे जळणालाही नक्षी असते?" म्हटलं. त्या पदर सावरून आत गेल्या. त्या घरात हल्ली विनोदाला संचारबंदी लागली आहे.

३ नोव्हेंबर

प्लायवुडवर पहिला प्रयोग केला. फूल नसरीनच्या रेहलवरून घाईघाईत उतरवलं होतं. यंत्र चाललं! कुत्र्यासारखं केकाटत चाललं, पण चाललं. आणि निकाल साफ चुकला. कड सगळीकडून आखूड आणि पाकळ्यांमधल्या बारीक पट्ट्या तुटून फुलाचं गटार झालेलं.

तासभर मोटारींना शिव्या दिल्यावर लक्षात आलं की चूक माझी. पंचवीस वर्षं मी शिकाऊ पोरांना सांगत आलो, ड्रॉइंगमधल्या रेषेला जाडी नसते. पण कटरला असते, तीन मिलिमीटर. मी त्याला रेषेवरून चालवला, त्याने अलीकडचं दीड खाल्लं आणि पलीकडचं दीड खाल्लं. आता बाहेरच्या कडेसाठी वाट दीड मिलिमीटर बाहेरून काढायची, पाकळीच्या भोकासाठी आतून. म्हणजे आकार हवा तसा यायला वाट चुकीची काढायला लागते. माणसांशी वागायची हीच रीत, असं जयमालेचं म्हणणं. ती माझ्याबद्दल बोलत होती.

१७ नोव्हेंबर

नवीन खोडी. एक पाकळी कापता कापता यंत्र तिथून निघालं आणि प्लायवुडभर आडवी चीर मारत गेलं. गनीभाईने स्विच बंद करायला हात पुढे केला, तर तो स्विचच्या बाजूच्या पत्र्यावर दोनदा आपटला. शेवटी मी बंद केलं. घाबरला असावा. वीस टनी प्रेसजवळ न घाबरणारा माणूस!

घरी येऊन पाकळी तपासली. पडद्यावर बंद दिसते. मोठी करून पाहिली, बंद. आणखी मोठी केली, आणखी, तेव्हा दिसलं की रेषेची दोन टोकं शेजारी येऊन थांबली आहेत. केसाच्या शतांशाएवढी फट. डोळ्याला जुळलेली, यंत्राला उघडी. म्हणून ते बिचारं दार सापडल्यासारखं बाहेर पडलं. टोक टोकाला चिकटवायची आज्ञा असते. मी माझ्या नजरेच्या भरवशावर ती वापरलीच नव्हती. आता प्रत्येक आकार भरपूर मोठा करून बघायचा, असा नियम केला.

२४ नोव्हेंबर

नियमाचा फायदा झाला. नसरीनचं फूल नव्याने उतरवलं, यावेळी अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरवर, आणि पडद्यावर मोठं केलं. पाकळीची कड सरळ नाहीच! लाट आहे. उतार, चढ, उतार, चढ, सारख्या अंतराने, पाकळीच्या बुडापासून टोकापर्यंत. बोट फिरवलं तर लाकडावर कळत नाही, त्याने पॉलिश पेपरने बरंच मारलं आहे. पण पडद्यावर लपत नाही. आणि ही लाट शरीफाच्या रेहलमध्ये नावालाही नाही.

मी निदान केलं ते असं: करवतीचं पातं बोथट, किंवा दुसऱ्या पोरीच्या वेळी बापाचा उत्साह बोथट.

लाट काढून टाकली. प्रत्येक पाकळीला तीन बिंदूंतून एकच स्वच्छ कंस दिला. एक पाकळी तयार करून पाच वेळा फिरवली. आता ते डाळिंबाचं फूल डाळिंबालासुद्धा जमणार नाही इतकं अचूक आहे. लाटेची जुनी फाईलही ठेवली आहे. गंमत म्हणून त्याला दाखवीन.

२५ नोव्हेंबर

दाखवली. लाटेचा कागद छापून कंपनीच्या गेटवरच्या चहावाल्याकडे नेला. गनीभाई ग्रॅच्युइटीच्या सहीसाठी आला होता, जुनी टूलरूम सगळी जमली होती. मी कागद उलगडला आणि म्हणालो, "मंडळी, ही पाकळी आहे असा गनीभाईचा दावा आहे. मला हा भूकंपमापक यंत्राचा कागद वाटतो. ह्या माणसाच्या हाताचा केंद्रबिंदू वेधशाळेने शोधायला पाहिजे!"

लोक पोट धरून हसले. इतका जमलेला विनोद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

गनीभाई कागदाकडे बघत राहिला. मग ग्लास तसाच ठेवून म्हणाला, "चलतो." चेहऱ्यावर ना राग, ना हसू. लाकूड बरं.

१ डिसेंबर

गनीभाईकडे गेलो. भाभी दारातूनच म्हणाल्या, "झोपले हायेत." सकाळी दहाला.

जयमालेला सांगितलं. ती पोरांच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही त्यांच्या हाताकडे कधी बघितलंत का हो?"

"मी ड्रॉइंगकडे बघतो."

"तेच," ती म्हणाली.

बायकांना अर्धं वाक्य बोलून उरलेल्याचा धाक दाखवायची कला अवगत असते.

१५ डिसेंबर

आज तो स्वतः आला, भिंगारहून चालत. बारीक बारीक पावलं टाकत, जणू आमच्या गल्लीतल्या फरशा मोजतोय. मला वाटलं भांडायला आला. तर म्हणतो, "कापूया. दिस ऱ्हायले न्हाईत."

मी त्याला स्वच्छ केलेलं फूल दाखवलं. बराच वेळ पाहिलं त्याने. मी सांगितलं की एकच खोट राहील: कटर गोल, त्यामुळे पाकळीचं आतलं टोक टोकदार येणार नाही, बोथट येईल. "ते तू पटाशीने साफ करशील."

"ऱ्हाऊ दे गोल."

"गनीभाई! तू? टोक गोल राहू देतोस?"

"डाळिंबाला कुठं हाय टोक," तो म्हणाला.

असतं. पण लग्नाघरच्या माणसाशी वाद नको.

जाताना जयमालेने त्याला चहा दिला. स्टीलच्या उंच ग्लासात, अर्धाच भरून. आमच्याकडे पाहुण्याला अर्धा चहा देण्याइतकी वेळ अजून आलेली नाही, हे मी नंतर तिला सुनावलं. त्याने मात्र दोन्ही हातांनी धरून सगळा प्यायला.

५ जानेवारी १९९७

आज सागाची फळी चढवली.

वीज पाचपर्यंत राहील असं भाभी शेजारी वायरमनकडून विचारून आल्या. फरहीन दारात उभी. गनीभाई कोपऱ्यात हात काखेत दाबून. थंडी आहेच नगरला. मी बिस्मिल्ला म्हणायला सांगितलं, तर म्हणतो, "तूच म्हन. मशीन तुझी हाय." मी मनातल्या मनात बुद्धं सरणं म्हटलं आणि बटण दाबलं.

पाच पाकळ्या. पाची बंद. कड शरीफाची, फूल नसरीनचं, रेषेला रेष. भुसा उडवला आणि फरहीन पुढे आली, फुलातून पलीकडचा उजेड बघितला आणि बापाला म्हणाली, "अब्बा, ये तो आपाओं से भी अच्छा!"

मला आनंद झाला, हे इथे कबूल करायला हरकत नाही. बापाकडे पाहिलं. चेहरा कोरा. पोरीच्या शब्दावर तरी हसायचं माणसाने!

आता फक्त मधली बोटं आणि फळी चिरणं. ते यंत्राला जमत नाही, दोन्ही अंगांनी पटाशी आत घालायला लागते. ते गनीभाईचं काम. "उद्या करतो," म्हणाला.

१९ जानेवारी

रमजान चालू आहे. गनीभाईचा "उद्या" पण चालू आहे. रोजे आहेत, उपासपोटी धार धरू नये, समजतं. पण इफ्तारनंतर? "उजेड न्हाई." रविवारी? "मान धरली." संसदेत बिलं अशी पुढे ढकलतात, पण तिथे निदान बेंच बडवतात. सोळा फेब्रुवारीला निकाह आहे आणि सुंदर फूल पाडलेली एक न उघडणारी फळी भिंतीला टेकून उभी आहे.

२६ जानेवारी

कंपनीत झेंडावंदन लवकर उरकलं, म्हणून न सांगता भिंगारला गेलो. शेडचं दार अर्धवट लोटलेलं.

तो खाली बसला होता. बाभळीची एक ढलपी शिकंज्यात पकडलेली. उजवं मनगट शिकंज्याच्या दांड्याला बांधलेलं होतं, भाभींच्या जुन्या ओढणीच्या पट्टीने, घट्ट, दोन गाठी मारून. बांधलेल्या हातात पटाशी. आणि बांधूनही पटाशीचं टोक लाकडावर टकटक टकटक वाजत होतं, हळू, सारख्या अंतराने.

उतार, चढ, उतार, चढ.

शेजारी पोत्यात ढलप्या. सगळ्यांना बोटं पाडलेली, सगळी मोडलेली. बंबातलं जळण.

मी आत गेलो नाही. मागल्या मागे फिरलो. स्टँडपर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं, सायकल त्याच्याच फाटकाशी राहिली आहे.

२७ जानेवारी

सायकल आणायला गेलो. तो दवाखान्यात गेला होता. भाभींनी सांगितलं. दोन वर्षं झाली. नसरीनच्या लग्नाआधीच सुरू झालं होतं. नोकरी त्यापायीच सोडली, लेथवर एकदा बोट जाता जाता राहिलं. सिव्हिलचे डॉक्टर कंपवात म्हणतात. गोळ्या आहेत, उतार नाही. हात जातो, पाऊल जातं, आवाज जातो. चेहराही आखडतो.

"चेहरा?" मी विचारलं.

"हां भाईसाब. हसायला येतं त्यान्ला. आतून येतं. तोंडापर्यंत पोचत न्हाई." त्या पायरीवर बसल्या. "तुमी जाता ना, मग रातीला मला सांगतात, कानिफ आज असं बोलला, तसं बोलला. माजं हसून हसून डोळ्याला पानी येतं. तो भूकंपवाला पन सांगितला. म्हनले, बद्रु, लई भारी बोलला साला. समदे हसले, मीच ऱ्हायलो."

मी सायकल घेतली. वाटेत जयमालेच्या शाळेवरून आलो, पण आत जाऊन तिला काय सांगायचं हे ठरेना.

२८ जानेवारी

डिस्क भरली आहे, जागा करायला हवी. नसरीनच्या पाकळीची लाटेची फाईल काढली. पुसायच्या बटणावर बोट ठेवलं. आज लाट मोठी करून नाही, छोटी करून पाहिली. छोटी, आणखी छोटी. एका मापाला ती पाकळी साधी पाकळी होते.

पुसली नाही.

२ फेब्रुवारी

सरळ शेडमध्ये गेलो आणि म्हणालो, "गनीभाई, बोटं मी पाडतो. तू सांग."

त्याने माझ्याकडे पाहिलं. कोणी सांगितलं, कधी कळलं, काही विचारलं नाही. म्हणाला, "आमच्यात बापानं करायची असती."

"माहीत आहे."

"तुला पटाशी धरता येती?"

"पंचवीस वर्षं शाईची रेघ मारलीय. ह्या हाताने अजून कधी डाग पाडलेला नाही."

त्याचा हात मांडीवर आपला आपला चालत होता. त्याने तो आज लपवला नाही. मग पायानेच फळी माझ्याकडे सरकवली.

तो माझ्या मागे बसला. "तिरपी धर. अजून. आता लाकडाला सांग, जबरदस्ती नको. पलट. आता खालून." आवाज इतका बारीक की वाक्यागणिक मला मान मागे करायला लागत होती. पाच बोटं पाडायची होती. चार पडली. माझा हात जराही हलला नाही, तीच मोठी घमेंड. पाचव्याला मी जोर दिला. रेषेवर होतो, अगदी रेषेवर. पण लाकडाचा रेषा, आतला तंतू, वेगळीकडे चालला होता, आणि तो माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हता.

कट्.

अर्धं बोट पटाशीच्या टोकावर येऊन बसलं.

मागे वळायची हिंमत होईना. वळलो तेव्हा चेहरा तोच, कोरा. पहिल्यांदा मला त्या चेहऱ्यावर काय आहे हे वाचता येत नाही, याची भीती वाटली.

"सरस लावू?" मी विचारलं.

"न्हाई. सरस लावत न्हाईत." मग म्हणाला, "उघडून बघ."

त्याने सांगितलं तशी दोन्हीकडून करवत घालून फळी चिरली. भाभी आणि फरहीनने धरली. उघडली. चार बोटांवर उभी राहिली. एका कोपऱ्याला फट, त्यातून बोटभर उजेड.

"उभी ऱ्हाती," गनीभाई म्हणाला. "ऱ्हाऊ दे."

निघताना भाभी फाटकापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "आत्ताच मला म्हनाले, ड्राफ्समनचा हात तं माझ्याहून वाईट निघाला. लई हसतायत."

मी मागे वळून शेडमध्ये पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. खांदे सुद्धा हलत नव्हते.

११ फेब्रुवारी

ईद झाली. शिरखुर्मा घ्यायला आम्ही दोघं गेलो. जयमालेने त्याच्या वाटीला मोठा चमचा मागून घेतला.

रेहल बाजेवर होती. तिच्यावर गनीभाई पॉलिश पेपर फिरवतोय. भाभी म्हणाल्या, रमजानचे शेवटचे दिवस हेच चाललंय, नमाज झाली की हेच. उजव्या हातात कागद, हात आपोआप मागेपुढे होतो, आणि त्या मागेपुढे होण्याखाली तो लाकूड सरकवत राहतो. पाकळीच्या आत, कडेला, मोडक्या बोटाच्या ठुटक्यावर.

"ह्या कामाला हात थांबायला लागत न्हाई," तो म्हणाला.

मी अंगठा फिरवून पाहिला. शरीफाच्या रेहलवर फिरवला होता, नसरीनच्या फिरवला होता. असा गुळगुळीतपणा नव्हता त्यांना. काही तरी बोलायला हवं होतं, पण माझ्यापाशी टोमण्याशिवाय दुसरं हत्यार कधी नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

निकाह लागला. गल्लीत मांडव, वरती हिरवी कनात, बिर्याणीच्या देगा. मुलाकडची मंडळी राहुरीची, बोलकी, खाऊन पिऊन सुखी.

फरहीनच्या सामानात सगळ्यात वर रेहल. तिने ती स्वतः उघडून दाखवली. कोणीतरी म्हातारीने फटीत बोट घालून विचारलं, "हे काय गं, मोडकं?" फरहीनने रेहल मिटली आणि छातीशी धरली. म्हणाली, "मोडकं न्हाई. अब्बानं ऱ्हाऊ दिलंय."

गनीभाई मांडवाच्या कडेला खुर्चीवर. दोन्ही हात शेरवानीच्या खिशात. येणारा जाणारा मिठी मारत होता, तो कोऱ्या चेहऱ्याने मारू देत होता. माझ्या शेजारी वराचे काका बसले होते. ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "वधूपिता नाराज दिसतात का हो? काही कमी पडलं का आमच्याकडून?"

एरवी मी काय उत्तर दिलं असतं, ते लिहीत नाही. म्हणालो, "नाही. ते असेच खूश होतात."

मग उठलो, गनीभाईच्या शेजारची खुर्ची ओढली आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. म्हणालो, "गनीभाई, व्याह्यांचे भाऊ विचारतायत, मुलीच्या बापाचा चेहरा मशीनवर कापलाय का? मी सांगितलं, हो, पण कटर गोल होता, कोपरे राहिले."

चेहरा हलला नाही. मी हसण्याची वाट बघत बसलो नाही. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी खाली आलं, तेवढं माझ्या रुमालाने टिपलं आणि पुढचा विनोद सांगायला सुरुवात केली.